को-पायलटच्या शब्दाला कंडक्टरच्या घंटीएवढी तरी किंमत असू द्या

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

विषय : कॉकपिटमधल्या कनिष्ठ वैमानिकाचं म्हणणं नोंदवून ठेवण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. म्हणजे को-पायलट, उजव्या खुर्चीतला. मूळचा लातूर जिल्ह्यातला, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावचा. माझं, गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच. पण ओळखलं तर नुसता संशय राहतो, नाव लिहिलं की कागद तयार होतो, आणि आमच्या धंद्यात वादळापेक्षा कागदाला जास्त भितात. मराठीत लिहितोय, कारण आपल्या खात्यात मराठी वाचणारा मंत्री आहे.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. दोन घंट्या म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा, हे आपल्याला सांगायला नको. कंडक्टर पुष्कळदा वडिलांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान असायचा, कालपरवा लागलेला. तरी मागून एक टण्ण झाली की वडिलांचा पाय ब्रेकवर. का वाजवली, हे गाडी थांबल्यावर विचारायचं. कधी उगाच वाजलेली असायची, एखाद्या म्हातारीचं गाठोडं खाली राहिलंय एवढ्यासाठी. वडील तोंड सोडायचे, पण थांबून मगच.

आता माझ्या गाडीचं सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. कॅप्टन रिपोर्टिंगला वीस मिनिटं उशिरा आला. ब्रीफिंग म्हणजे "सब नॉर्मल है ना?" एवढंच. माझा जिल्हा कळल्यावर "अच्छा, भूकंप वाला लातूर," आणि तिथून पुढं दिवसभर माझं नाव "ए भूकंप". त्याचं मला फार काही वाटलं नाही, मी एसटी स्टँडवर वाढलेला माणूस आहे. पण निघण्याआधी मी चेकलिस्ट वाचत होतो आणि हा मोबाइलवर मेसेज टाइप करत अंदाजानं उत्तरं देत होता. "फ्लॅप्स?" (चढता-उतरताना पंखांतून बाहेर काढायच्या पट्ट्या) म्हटलं, न बघता "सेट" म्हणाला. मी परत विचारलं. मान वर न करता म्हणाला, "दो बार मत पूछा कर, बहरा नहीं हूँ."

तिसऱ्या सेक्टरला, म्हणजे त्या दिवशीच्या तिसऱ्या उड्डाणाला, संध्याकाळ झाली होती. एटीसीनं, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकानं, आम्हाला उशिरा खाली सोडलं, त्यात मागून वारा. विमान उंचही राहिलं आणि वेगातही. असं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. त्यासाठीच नियम आहे. ढग असतील तर हजार फुटांवर, आभाळ मोकळं असेल तर फार तर पाचशे फुटांवर विमान ठरल्या वेगात, ठरल्या उतारावर, चाकं आणि फ्लॅप बाहेर काढून स्थिर झालेलं पाहिजे. नसेल तर गो-अराउंड. इंजिनांना ताकद द्यायची, नाक वर करायचं, एक फेरी मारून परत यायचं. दहा-पंधरा मिनिटं जातात, थोडं इंधन जातं, बास.

हजार फुटांवर आमचा वेग बावीस नॉट, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटर, जास्त होता. "स्पीड," मी म्हणालो. उत्तर नाही. सातशेला परत म्हणालो. थ्रस्ट लिव्हरवरच्या, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या दांड्यावरच्या, हाताची बोटं त्यानं नुसती माझ्याकडं झटकली, माशी हाकलावी तशी. पाचशेला आम्ही मिनिटाला बाराशे फुटांनी खाली चाललो होतो, ते हजाराच्या आत हवं. मी म्हणालो, "अनस्टेबल, गो-अराउंड."

"चुप बैठ. मैं देख रहा हूँ."

मला शिकवलेलं आहे की दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि ताबा घ्यायचा. सिम्युलेटरमध्ये घेतलाय. त्या दिवशी माझा हात मांडीवरून उचलला नाही. बाराशेच्या वेगानं पाचशे फूट म्हणजे पंचवीस सेकंद. त्या पंचवीस सेकंदांत माझ्या डोक्यात काय आलं ते खरं सांगतो. दोन एकर. माझ्या शिक्षणासाठी विकलेली रोडलगतची दोन एकर, आणि उरलेल्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर चढलेला बँकेचा बोजा.

उतरलो. चाकं टेकायला हवी होती त्याच्या बरीच पुढं टेकली, ब्रेक तापल्याचा इशारा आला, पण उतरलो. एक प्रवासी जाता जाता कॉकपिटच्या दाराशी थांबून कॅप्टनला "सुपर लँडिंग, सर," म्हणाला.

इथवर सगळं माणसांचं झालं, साहेब. आपल्याला पत्र लिहावंसं वाटलं ते पुढच्या भागामुळं.

आठवड्यानं हे प्रकरण डेटात सापडलं. विमान आपला वेग, उंची, उतार सगळं नोंदवत असतं आणि कंपनी ते नंतर तपासते. चांगली सोय आहे. आम्हा दोघांना बोलावलं. कॅप्टन म्हणाला, थोडं हाय, म्हणजे उंच, झालो होतो, पण को-पायलटनं कॉल, म्हणजे तोंडी इशारा, दिलाच नाही. मी म्हणालो, दिला, दोनदा स्पीडचा आणि एकदा गो-अराउंडचा. आता त्या डेटात आकडे असतात, आवाज नसतो. आवाज असतो कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरमध्ये, आणि आमच्या विमानातला तो दोन तासांचा. नवं चढत जातं तसं जुनं पुसलं जातं. आम्ही उतरल्यावर त्याच रात्री ते विमान आणखी दोन सेक्टर उडालं होतं. माझा गो-अराउंड कुठल्या तरी दुसऱ्याच क्रूच्या चहाच्या गप्पांखाली गेला. निकाल असा लागला की त्याला तोंडी समज आणि मला 'ठामपणे बोलण्याचं' फेरप्रशिक्षण. विनोद करत नाही, कागद आहे माझ्याकडं.

२२ मे २०१० ला मंगळूरला विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या, धावपट्टीवरून खाली दरीत गेलं, १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन उड्डाणातला बराच वेळ झोपलेला होता, घोरण्याचा आवाज रेकॉर्डरवर होता. जागा झाल्यावर तो उंचावरून घाईनं खाली आला. को-पायलटनं तीनदा गो-अराउंड सांगितलं. तीनदा! यंत्रही ओरडत होतं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात उतरणाऱ्या विमानातले २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. तिथंही उजवीकडून गो-अराउंडचा कॉल आला होता. त्या अपघाताच्या अहवालानं कॅप्टनकडं बोट दाखवलं, आणि दुसऱ्या वैमानिकानं ताबा घेऊन विमान वर का नेलं नाही, हेही त्यातच नोंदवलं.

अहवाल बरोबर आहे, मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण जरा उलट धरून बघा. समजा त्यानं ताबा घेतला असता आणि विमान सुखरूप परत फिरलं असतं. मग अपघात नाही, चौकशी समिती नाही, रेकॉर्डर कुणी उघडणार नाही. उरतं काय, तर एका वरिष्ठ कॅप्टनच्या हातून विमान हिसकावून घेणारं पोरगं. ते बरोबर होतं हे सिद्ध करायला त्याच्याकडं एकच पुरावा होता, आणि तो दोन तासांत पुसला गेला. म्हणजे आम्ही मेल्यावरच खरे ठरतो.

मग आम्ही निभावतो कसं? खरं सांगायचं तर आजारी पडून. रोस्टरवर काही ठरावीक नावं दिसली की फर्स्ट ऑफिसरांची पोटं बिघडतात. कुणाबरोबर कसं वागायचं याच्या तोंडी टिपा असतात : याला वाऱ्याबद्दल आधीच बोलून ठेव, त्याला प्रश्न विचारल्यासारखं कर म्हणजे स्वतःलाच सुचल्यासारखं वाटतं. मी एक वही ठेवलीय, लँडिंगनंतर हॉटेलवर बसून तारीख, वेळ, काय बोललो ते लिहितो. तिला पुरावा म्हणून कवडीची किंमत नाही, फक्त झोप लागते. नोकरी सोडायची तर २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, म्हणजे आणखी सहा महिने त्याच रोस्टरवर. शिवाय कॅप्टन व्हायचं असेल तर ह्याच माणसांचे शेरे लागतात.

सगळे असे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. बहुतेक कॅप्टन सरळ आहेत आणि काही तर फार मोठे. एका कॅप्टन बाई दर ब्रीफिंगला म्हणतात, "मी चुकले तर सांग. परत सांग. तिसऱ्यांदा सांगत बसू नकोस, विमान घे. चहा मी पाजेन." त्यांच्याबरोबर एकदा मी चुकून, गरज नसताना गो-अराउंड म्हणालो. त्यांनी एक शब्द न बोलता विमान वर नेलं. का म्हणालास, हे वर गेल्यावर विचारलं. मला वडील आठवले. पण माझी सुरक्षितता रोस्टरमध्ये कोण निघतं यावर असावी का?

१९९३ साल आमच्या घरी दोन कारणांनी निघतं. ३० सप्टेंबरचं सांगायला नको. दुसरं २६ एप्रिल. वडील तेव्हा नवीन ड्रायव्हर, बीड–औरंगाबाद गाडीवर. त्या दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग धावपट्टीच्या टोकाला बीड रोडवरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढं विजेच्या तारांना लागलं आणि पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. वडील सांगतात, त्यानंतर कितीतरी दिवस त्या टप्प्यावर सगळे ड्रायव्हर अर्धी नजर वर ठेवून गाडी हाकायचे. चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही. रस्त्याला शिपाई उभा करता येतो. कॉकपिटचं दार मात्र आतून बंद असतं. तिथं शिपाई एकच, उजव्या खुर्चीतला, आणि त्याची शिट्टी कुणाला ऐकू जात नाही.

भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू होऊन १९३४ चा कायदा गेला. त्याखालचे नियम नव्यानं बसवताना एक गोष्ट त्यात बसवावी. विमान उभं राहून इंजिनं बंद झाल्यावर दोघांपैकी कुठल्याही वैमानिकानं "गो-अराउंड सांगितलं, मानलं नाही" अशी एका ओळीची नोंद केली, तर त्या उड्डाणाचं रेकॉर्डिंग तिथंच राखून ठेवलं जावं आणि ते उघडण्याचा अधिकार फक्त विमान अपघात अन्वेषण ब्यूरोला असावा. कंपनीला अजिबात नको. कॉकपिटमध्ये माणसं पगारापासून सासूपर्यंत सगळं बोलतात आणि ते मालकानं ऐकावं असं मलाही वाटत नाही. खोटी नोंद केली तर माझं लायसन्स काढा, पण खरी केली तर ती खरी ठरायला वाव द्या. युरोपात नव्या मोठ्या विमानांना २५ तासांचा रेकॉर्डर लागतो. तो आपल्याकडच्या सगळ्या विमानांत येईल तेव्हा येईल, तोवर दोन तासांचाच वेळेवर बंद करून ठेवायला खर्च शून्य आहे.

दुसरं, तक्रारीची खिडकी. स्वेच्छेनं माहिती कळवायची सोय डीजीसीएकडं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडं, आहे. पण माहिती घेणारा आणि लायसन्स हातात असणारा एकाच इमारतीत बसला की तिथं फक्त पक्षी धडकल्याच्या बातम्या जातात. अमेरिकेनं १९७६ मध्ये हे काम नियामकाकडं न ठेवता नासाकडं दिलं. नासाला कुणाचं लायसन्स काढायचं नसतं, म्हणून वैमानिक मोकळेपणानं लिहितात. ब्रिटनमध्येही १९८२ पासून अशी स्वतंत्र व्यवस्था आहे. आपल्याकडं हे काम एखाद्या आयआयटीला किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेला देता येईल.

हे आत्ताच का? तर २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं, तेव्हापासून आमच्याकडची पोरं विमानाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन, जमीन विकून, कर्ज काढून ती या धंद्यात येतायत. त्यांचे काका-मामा वैमानिक नाहीत. कॅप्टननं "चुप बैठ" म्हटलं तर फोन करायला त्यांच्याकडं कुणी नाही. मी वडिलांना केला होता. ते म्हणाले, "मोठ्या मानसाच्या नादी कशाला लागूलालास?" थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पर त्यानं थांबाय पायजे होतं."

आई आता उड्डाणाआधी पाऊसपाणी विचारत नाही. "आज संगं कोन हाय?" एवढंच विचारते.

अशी खिडकी उघडली की तिथला पहिला अर्ज माझा असेल, नाव आणि लायसन्स नंबरासकट.

आपला,
एक फर्स्ट ऑफिसर,
जि. लातूर