आपल्याले उन्हाचं काय सांगता!

मा. संपादक महोदय,

मे लागला की आपल्या अंकात सूचना सुरू होतात: दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, पाणी प्या, डोकं झाका. त्यात चूक काहीच नाही. पण त्या वाचून आमच्याकडे काय होतं ते सांगते. सत्तरी गाठलेले माझे मोठे भाऊ चष्मा काढतात, पेपर बाजूला सारतात आणि म्हणतात, "आपल्याले उन्हाचं काय सांगता? चाळीसात भोवळ येते ते पुण्याचे लोक. आपण पंचेचाळीसात वराती काढल्या." हवामान खात्याच्या लेखी मैदानी भागात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट. दादांच्या लेखी ते नागपूरकर असल्याचं सर्टिफिकेट.

दादांना हसण्याचा हक्क मात्र मला नाही. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेली मी, तो आकडा लगोलग पुण्याच्या नणंदेला पाठवला. वर "बघा आमचं नागपूर!" जागतिक विक्रम ५६.७ अंशांचा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा. आपल्या गावाचा ४७.९, मे २०१३ चा. दोन्ही मला तोंडपाठ. वर्गातल्या पोरानं असलं रीडिंग आणलं असतं तर आधी थर्मामीटर तपासायला लावला असता. पुढे सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानंच सांगितलं. तो खुलासा नणंदेला गेला नाही, अजूनही नाही.

म्हणून 'लोकांना विज्ञान कळत नाही' हे व्याख्यानांतलं पालुपद ऐकलं की मला चुळबूळ होते. मला कळत होतं की! पण त्या दुपारी मी शिक्षिका नव्हते, नागपूरकरीण होते.

गेल्या जूनमध्ये दादा गच्चीवर कोसळले. पारा ३९, म्हणजे आपल्याकडे बातमीसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी एक सर येऊन गेली होती, हवा चिकट. दवाखान्यात सलाइन लागली, दुसऱ्या दिवशी घरी आले. पडल्यापेक्षा जूनमध्ये पडल्याची त्यांना जास्त लाज. मी घाम, बाष्पीभवन, आर्द्रता असं सगळं समजावू लागले तर म्हणाले, "बाई, तुझी शाळा सुटली आता."

त्याच आठवड्यात कूलर गार हवा देईना म्हणून दर मार्चला गवत बदलायला येणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पंप पाहिला, गवताला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काही बिघडलं नाही दादा. हवेतच पाणी भरलं, आता गवतातलं कुठं जाईन? ते उडलं तर गार होते." दादा थोडा वेळ कूलरकडे बघत राहिले. मग स्वतःच्या घामेजल्या दंडाकडे. म्हणाले, "म्हणजे मीही कूलरच म्हणा की."

माझं सगळं शिकवणं त्या एका वाक्यात आलं, आणि मला जरा रागही आला, खोटं का बोला. कूलरची गोष्ट आपल्या माणसानं सांगितली आणि कूलरमधलं आम्हाला कळतं असा प्रत्येक नागपूरकराचा दावा असतोच. ती ऐकताना दादांना नागपूरकरपण सोडावं लागलं नाही. आता आभाळ भरून आलं आणि घाम वाळेनासा झाला की ते न सांगता गच्चीवरून खाली येतात. शेजारच्यांनाही बोलावतात.

तेव्हा एवढी विनंती. तापमानाच्या चौकटीत कमाल-किमान छापता, त्याखाली दुपारची आर्द्रताही ठळक छापा. सूचना मेमध्येच संपवू नका, पहिल्या सरीनंतरच्या उकाड्यातही द्या. तज्ज्ञांचं म्हणणं जरूर घ्या, पण शेजारी एखाद्या कूलर मेकॅनिकला, ऑटोवाल्याला, बांधकामावरच्या मुकादमालाही बोलू द्या, त्याच्याच बोलीत. आणि पुन्हा कधी ५६ सारखा आकडा आला तर मथळा करण्याआधी एक दिवस थांबा. माझ्यासारख्यांचा हात फोनकडे जायला वेळ लागत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर