काळी चार धरून ठेवणाऱ्या कांतोरना, म्हणजे आमच्या चर्चच्या ऑर्गनवादकांना

प्रिय कांतोर,

समोरासमोर मी तुम्हाला 'दू'च, म्हणजे 'तू'च म्हणते. तुमच्याकडे आजोबांनाही तेच म्हणतात. पण मराठीत लिहायला बसलं की अहो-जाहोच येतं, इलाज नाही. रविवारी तुमच्या निरोपाच्या चर्चकॉफीला माझी लेक हे नॉर्वेजियनमध्ये वाचून दाखवेल.

ट्रॉन्डहाइमला आले तेव्हा भाषा कानावर पडावी म्हणून तुमच्या कॉयरमध्ये शिरले. नोटेशन वाचता येत नाही म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी आली नाही. सराव संपला की तुम्ही आल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची ओळ पियानोवर सावकाश वाजवायचात आणि मी ती मोबाइलवर घ्यायचे. निम्मं नॉर्वेजियन मी भांडी घासताना त्याच ओळींवर शिकले.

मग एकदा चर्चमधल्या ऑर्गनच्या माळ्यावर नेलंत. वेदीकडे तुमची पाठ, पाद्रीबाई दिसाव्यात म्हणून डोळ्यांसमोर गाडीसारखा आरसा, पायात पातळ तळव्यांचे काळे बूट, फक्त पायांनी वाजवायच्या पेडलसाठी ठेवलेले. म्हणालात, "खालच्यांचं गाणं माझ्यापर्यंत उशिरा पोचतं. मी त्यांच्यासाठी थांबलो, तर ते आणखी मागे पडतात." म्हणून रविवारी तुम्ही कुणासाठी थांबायचा नाहीत. अंत्यविधीला एखादी नात एकटी गायला उभी राहिली, की मात्र तिच्या श्वासासाठी थांबायचात. दोन्ही एकाच माणसाला कसं जमतं, कोण जाणे.

लिंडेमान या जुन्या ऑर्गनवादकाबद्दल तुम्ही घरातल्या काकाबद्दल बोलावं तसं बोलायचात. 1812 साली याच गावात जन्म, वडीलही ऑर्गनवादक. 1839 पासून 1887 मध्ये मरेपर्यंत राजधानीतल्या एकाच चर्चमध्ये नोकरी. 1871 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा नवा ऑर्गन वाजवायला त्यांना बोलावणं आलं होतं. तुम्हाला त्याचं फारसं नव्हतं. डोंगरदऱ्या पायाखाली घालून त्यांनी लोकांच्या चाली टिपल्या आणि पुढे संगीतकार ग्रीगने त्यातूनच उचललं, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा.

पण आभार मानायचेत ते डिसेंबरातल्या त्या संध्याकाळचे. तुकोबांचा अभंग म्हणायचा होता आणि तंबोरा पुण्यात. "कुठला सूर?" तुम्ही विचारलंत. काळी चार, तुमचा 'गिस'. तुम्ही कॉर्ड धरलात, मी गायले, आणि दुसऱ्याच ओळीला थांबलात. "तुझा गंधार माझ्यापेक्षा खाली आहे." मी ओशाळले. तर म्हणालात, चूक तुझी नाही, आमच्या वाद्यात तो सूर चढाच लावलेला असतो. मग गंधार काढूनच टाकलात. फक्त षड्ज आणि पंचम, एकच मऊ बासरीसारखा स्टॉप, म्हणजे ऑर्गनच्या नळ्यांचा एक संच. दोन्ही पट्ट्या दाबून राहाव्यात म्हणून कागदाच्या घड्या फटींत खोचल्यात आणि हात मांडीवर ठेवून बसलात.

आमच्याकडे नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ असते, ती गाणाऱ्याच्या मागोमाग धावते. इथे साथीदार हात बांधून बसलेला, आणि मी आयुष्यात इतकी निर्धास्त कधी गायले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेवर साथीला तुमचं नाव नव्हतं, तुम्हीच घालू दिलं नाहीत.

त्या घड्या म्हणजे त्या रविवारच्या स्तोत्रांच्या आकड्यांची चिठ्ठी, मधोमध फाडलेली. दोन्ही तुकडे माझ्याकडे आहेत. परत मिळणार नाहीत.

तुमची,
आल्टोच्या मागच्या रांगेतली