सर, शपथेचा मसुदा दिला नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. असे जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरू उतरतात त्या इमारतीत) त्या संध्याकाळी जे मिळाले ते माझ्या एकट्याचे नव्हते. नाव मात्र तुमचे कुठेच घालत नाही, तेवढी अट पाळतो.

2022 चा पावसाळा. 10 ऑगस्टला गोव्यात पंचायतींचे मतदान होते. त्याच वर्षी जानेवारीत एका पक्षाने विधानसभेच्या आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. आमच्या गटाला ती कल्पना भारी पसंत पडली. आपल्या वाड्यावरच्या उमेदवाराला ग्रामदेवतेपुढे उभा करायचा, नारळ ठेवायचा, गाऱ्हाणे घालायचे आणि सगळ्या गावादेखत शपथ घ्यायला लावायची, असे ठरले. मसुदा तुमच्याकडून लिहून आणायला मला पिटाळले. मराठी शुद्ध हवे ना!

तुम्ही नाही म्हणालात, पण वाटेला लावले नाहीत. “शनिवारी सगळ्यांना घेऊन ये,” एवढेच बोललात.

शनिवारी पाऊस असा कोसळत होता की अग्रशाळेत शेजारच्याचेही ऐकू येईना. तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीतून दोन झेरॉक्स काढल्या, कडेला तांबड्या पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या. जानेवारी 1920 मधली, ‘यंग इंडिया’तली टिळक आणि गांधीजींची जुगलबंदी. टिळकांचे म्हणणे, राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. क्रोधाला अक्रोधाने जिंकावे या बुद्धवचनापेक्षा त्यांना ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’, म्हणजे जो जसा येईल त्याच्याशी तसे, हे गीतेतले कृष्णाचे वचन जवळचे वाटे. गांधीजींचे उत्तर, शठाशीसुद्धा सत्यानेच वागावे. तुम्ही टिळकांचे पत्र उभे राहून खणखणीत वाचलेत आणि गांधीजींचे बसून. स्वतः गांधीजींच्या बाजूचे असूनही टिळकांना कुठे कमी पडू दिले नाहीत. असे वाचणारे मास्तर आता कमीच.

मी अजून टिळकांकडेच झुकतो, सर. समोरचा ठकसेन असेल तर आपण किती दिवस साधू राहायचे? पण त्या दिवशी तुम्ही दोघांमधल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवलेत, आणि ती मला पटली. दोघेही गीता उघडत होते ती आपण कसे वागावे हे ठरवण्यासाठी. ‘मी देवभक्त आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा’, असे लोकांना सांगण्यासाठी नव्हे. पुढाऱ्याचे अध्यात्म त्याने स्वतःला कुठे आवरले यात दिसते; तो मतदाराला दाखवायचा दाखला नाही.

मग आमच्यातल्या किरिस्तांव (ख्रिस्ती) पोराने विचारले, “सर, मी कुठे शपथ घेऊ? खुरसाकडे?” आम्ही हसलो, तुम्ही हसला नाहीत. आपल्या देवळांतले देव फोंड्यात कसे आले, ते तुम्ही विचारलेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंड्यात आली. पुढे 1812 पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय. राज्याने धर्म हाती घेतला की काय होते, ते गोंयकाराला वेगळे सांगायला नको. धर्म उमेदवाराच्या हाती दिला की काय होते, ते आम्हाला 14 सप्टेंबरला दिसले. त्या पक्षाच्या निवडून आलेल्या 11 आमदारांपैकी 8 जण दुसऱ्या पक्षात गेले, आणि त्यांच्यातल्या एकाने तर देवाला विचारूनच गेल्याचे सांगितले. शपथ मोडायची परवानगीही देवाकडूनच!

समाजवादी नेते राममनोहर लोहियांचे ‘धर्म म्हणजे दीर्घकालीन राजकारण आणि राजकारण म्हणजे अल्पकालीन धर्म’ हे वाक्य आम्ही भाषणांत ऐकले होते. त्यापुढचे तुमच्याकडून कळले: धर्माने चांगले करायचे सोडून चांगल्याची नुसती स्तुती केली तर तो निष्प्राण होतो, आणि राजकारण वाईटाशी न लढता त्याची नुसती निंदा करू लागले तर ते भांडखोर होते. असोळण्याला मित्राकडे विश्रांतीला आलेला हाच माणूस 18 जून 1946 ला मडगावात पोर्तुगीजांची सभाबंदी मोडायला का उभा राहिला, ते मला तेव्हा उमगले.

शपथेऐवजी तुम्ही आमच्याकडून एक साधा कागद लिहून घेतलात. पंचायतीचा जमाखर्च फलकावर लावीन, नात्यातल्या कुणाला काम दिले तर ग्रामसभेत सांगीन, बांधकाम परवान्यांची यादी मागेल त्याला दाखवीन. उमेदवाराने तो दोनदा वाचला, परवान्यांची ओळ खोडली आणि सही केली. देवापुढे त्याने सगळेच कबूल केले असते. कागदावर निदान तो कुठे अडतो ते आम्हाला मतदानाआधी कळले. तो निवडून आला. आम्ही तो कागद घेऊन ग्रामसभेला बसतो. तो वैतागतो, पण जमाखर्च लावतो. परवान्यांवरून भांडण चालूच आहे.

देव बरें करूं, सर. चवथीला घरी येतोच. नव्या पोरांचा वर्ग तेव्हाच ठरवूया. त्यात टिळकांची बाजू मला द्या, आणि या खेपेला तुम्ही बसून ऐका.

तुमचा,
फोंड्याचा एक विद्यार्थी