अण्णांचे मोजे काढणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण शुगरवाल्यांच्या पायतपासणीत इचलकरंजीच्या आमच्या अण्णांचा पाय तुम्ही मांडीवर घेतला होता. एवढं वाचलं की तुम्हाला आठवेल.

अण्णांनी सारा जन्म मागावर उभं राहून काढला. सोबतीला बिडी, आणि पन्नाशीनंतर शुगर. अलीकडे चौकापर्यंत चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. ज्या ज्या मोठ्या दवाखान्यात नेलं तिथे कमरेचा एमआरआय, पट्टा, गोळ्या आणि "वय झालं आता" हे ठरलेलं वाक्य. फाईल जाड होत गेली, पण एकाही साहेबांनी अण्णांना मोजे काढायला लावले नाहीत. तो राग अजून माझ्या मनातून जात नाही. नस मणक्यात दबली असेल तर माणसाला बसल्यावर, वाकल्यावर बरं वाटतं. पायाला रक्त कमी पडत असेल तर चालता चालता थांबून नुसतं उभं राहिलं तरी कळ थांबते. हे विचारायला कुठलं मशीन लागत होतं?

तुम्ही विचारलंत. पाठोपाठ, "काका, रात्री पाय खाटेखाली सोडून झोपता का?" अण्णा बघतच राहिले. ते फक्त आईला ठाऊक होतं.

मग तुम्ही खाली बसून स्वतः त्यांचे मोजे काढलेत. अण्णांनी पाय आखडून घेतला. परक्या बाईने पायाला हात लावायचा, तोही भेगाळलेल्या, अंगठ्याला जखम झालेल्या पायाला! "राहू द्या काका, हे माझं कामच आहे," म्हणत तुम्ही पाय मांडीवर घेतलात, एकेक बोट बाजूला करून पाहिलंत, पावलावर आणि घोट्यामागे किती वेळ नाडी शोधलीत. दाबाचा पट्टा आणि डॉपलर, म्हणजे धमनीतलं रक्त वाहताना ऐकायचं यंत्र, नंतर आले. दंडाला दाब 150, घोट्याला 88, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं की 0.59, 0.9 किंवा त्याहून कमी आलं की धमनी अरुंद झालेली असते, आणि शुगरवाल्यांच्या कडक धमन्यांमुळे आकडा खोटा चांगलाही येतो, हे तुम्ही अण्णांनाच समजावलंत, मला नाही. पेशंट ते होते ना.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते शेवटचं. मोजे परत घालताना तुम्ही बोटांपाशी पडलेली चुणी हाताने सरळ केलीत. बधिर पावलाला चुणी टोचलेली कळत नाही, तिथेच जखम होते, म्हणालात. मागे रांग केवढी होती, तरी तुम्हाला घाई नव्हती. अशी माणसं सरकारी-खासगी सगळीकडे असतात, कमी पगारात असतात, आणि त्यांच्यामुळेच गरिबाचा पाय वाचतो.

पुढचं सगळं सर्जनसाहेबांनी केलं. धमनी उघडली, जखम भरत आलीय. बिडी सुटली. ज्याच्या पायाच्या धमन्या अशा, त्याच्या हृदयालाही धोका असतो, हे तुमचं बोलणं अण्णांना फार लागलं.

अण्णांच्या बरोबरीचे दोघे मागवाले येत्या बुधवारी तुमच्याकडे येताहेत. दोघांनाही शुगर आहे, दोघेही बिडी ओढतात, आणि पायाचं विचारलं की "काही नाही" म्हणतात. त्यांचेही मोजे काढून बघा, सिस्टर.

तुमची,
अण्णांची थोरली मुलगी