त्या हमीपत्रातली ओळ मराठीत वाचून दाखवा : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, मी आर्वी तालुक्यातल्या कास्तकाराचा मुलगा. समलिंगी आहे. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

या जूनमध्ये शेजारच्या पोराच्या प्रवेशाला सोबत गेलो होतो. फॉर्मासोबत रॅगिंगविरोधी हमीपत्र होतं, इंग्रजीत. त्यावर पोराची सही लागते आणि बापाचीही. बापाने पेन हातात घेऊन विचारलं, "काय लिवलं हाय गा याच्यात?" खिडकीतला बाबू म्हणाला, "भांडणं करायची नाहीत, एवढंच. करा सही."

एवढंच नाही, साहेब. राज्याचा रॅगिंगबंदी कायदा 1999चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2009चे. त्या नियमांत 2016मध्ये दुरुस्ती झाली, आणि जात, धर्म, रंग, भाषा यांच्या जोडीला लैंगिक कल, म्हणजे कुणाला कुणाबद्दल ओढ वाटते, हेही आलं. त्यावरून कुणाला छळणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंगच. म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा 377 कलमाचा निकाल 6 सप्टेंबर 2018ला लागला, त्याच्या दोन वर्षं आधीच नियम आमच्या बाजूने होता. आमच्या कानावर मात्र तो कधी आलाच नाही.

त्याच सुमारास मी नागपुरात एका वसतिगृहात राहत होतो. माझ्याबद्दल कुजबुज सुरू झाली आणि एका रात्री माझी गादी गुंडाळून जिन्यात ठेवलेली दिसली. रेक्टर म्हणाले, "तूच दुसरी खोली बघ." मी बघितली. तक्रारीचा फोन फुकट लागतो, 1800-180-5522, हे तेव्हा ठाऊक असतं तर केला असता का? खरं सांगायचं तर नसता केला. फोन घरी गेला तर, ही धास्ती होती. म्हणूनच तक्रार केली तर गोष्ट घरी कळवणार नाही, हे त्याच कागदावर लिहिलेलं हवं.

नागपूर विद्यापीठ 1923चं. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. शंभरी उलटली, 2005पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. नागपूरसोबत वर्धा, भंडारा, गोंदियाची कॉलेजं त्याच्याच छत्राखाली येतात. पण आधार म्हणावा असं काही आहे ते शहरात. तिथे आमच्यासारख्यांसाठी काम करणारी सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, आमच्या हक्कांचे मोर्चे निघतात. आर्वीच्या पोराने एसटीची शेवटची गाडी चुकवून तिथवर जायचं, आणि घरी काय सांगायचं? इकडे असं पोरगं कळलं की आधी अंगारा, मग लग्न. मुलीचं तर सरळ लग्नच. समलिंगी माणसाला 'बदलवण्याचे' उपचार करणं हा डॉक्टरांसाठी गैरवर्तनाचा प्रकार आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022मध्ये सांगितलं. बुवाला कोण सांगणार!

मागणी लहान आहे. हमीपत्र मराठीत छापा. प्रवेशाच्या दिवशी ते बापासमोर मोठ्याने वाचून दाखवायला लावा, 'लैंगिक कल' या शब्दांसकट. बाबूला अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका प्राध्यापकाला याबाबत ऐकून घ्यायचं, उपदेश करायचा नाही, एवढं शिकवा.

या पत्राची सही केलेली प्रत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. इथे नाव देत नाही. दिवाळीनंतर बहिणीचं लग्न आहे.

आपला,
आर्वी तालुक्यातला एक माजी विद्यार्थी