काकू, सह्याद्रीच्या 'दर्या' पुन्हा दऱ्या झाल्या

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

एम. ए.चा निकाल फोनवर सांगितला तेव्हा तुम्ही "अभ्यास तू केलास, मी आपले काने-मात्रे पाहिले" म्हणालात आणि लगेच पावसाचं काय म्हणून विचारलंत. फोनवर तुम्हाला विषय बदलता येतो, पत्रात नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की काकूंनी नोकरीची सगळी वर्षं पुण्यात प्रुफं तपासली, निवृत्तीनंतर त्या डोंबिवलीला मुलाकडे आल्या, आणि तेव्हापासून माझ्यासारख्या अंध वाचकांसाठी स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचण्याजोगी करून देतात. पैसे घेत नाहीत. दिवाळीचा फराळसुद्धा आढेवेढे घेतच घेतात.

डोळस माणसांना वाटतं की पुस्तक संगणकावर आलं म्हणजे आमचा प्रश्न मिटला. "पीडीएफ आहे की!" हे मला प्राध्यापकांनी, ग्रंथपालांनी, मैत्रिणींनी, सगळ्यांनी सांगून झालंय. ती पीडीएफ बहुतेक वेळा पानांचे फोटो असते. माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते घडवलं, २००६ साली काम सुरू झालं आणि आजही ते मोफत मिळतं. पण फोटोपुढे तेही काय करणार? 'ग्राफिक' म्हणून गप्प बसतं. दुसऱ्या प्रकारची पीडीएफ याहून वाईट. तिच्यात मजकूर असतो, पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या, आधीच्या एखाद्या फॉन्टमधला. डोळ्यांना 'शिक्षण' दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ असते. एनव्हीडीए इमानदारीत तीच वाचून दाखवतं.

मग उरतं ओसीआर. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं. टेसरॅक्ट नावाच्या फुकट मिळणाऱ्या ओसीआरलाही मराठी येतं आणि खरं तर बरंच बरं येतं. पण शंभरातली ९८ अक्षरं बरोबर आली असं धरलं, तरी १,८०० अक्षरांच्या पानावर ३६ चुका राहतात. दर ओळीला दाताखाली खडा. हा हिशेब मला तुम्हीच घालून दिलात, आणि वर म्हणालात, "आमच्या वेळी एका पानाला छत्तीस चुका सोडल्या असत्या तर मालकांनी घरी पाठवलं असतं."

त्या चुका कसल्या असतात, ते इथे लिहिलंच पाहिजे, कारण तुमचं काम कशाचं होतं हे त्याशिवाय कळणार नाही. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य. छपाई जरा पुसट असली की ही अक्षरं एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. मग आई ताटात 'मात' वाढते, माणसं 'धरी' परततात, 'धोंडो'चा 'घोंडो' होतो. यातल्या 'मात' आणि 'धरी'ला शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर अडवत नाही, कारण तेही खरे शब्दच आहेत. 'ऱ्या'मधल्या अर्ध्या र्‌ चा नेम तर हमखास चुकतो. भटकंतीच्या त्या पुस्तकात लेखक पानोपानी सह्याद्रीच्या 'दर्या' ओलांडत होता. डोंगरात समुद्र! तुम्ही सगळ्या एकेक करून दऱ्या केल्यात, आणि शेवटच्या प्रकरणात तो लेखक खरोखर कोकणात उतरून किनाऱ्यावर पोचला, तिथला 'दर्या' तेवढा तसाच ठेवलात. 'सगळे बदला' असा हुकूम यंत्राला दिला असता तर कोकणाला किनाराच उरला नसता.

डोळस वाचकाला चूक दिसते, तो मनात दुरुस्त करून पुढे जातो. 'मात' दिसलं तरी भातच वाचतो. मी जन्मापासून छापील अक्षर पाहिलेलं नाही. पुस्तकातला अनोळखी शब्द मला जसा ऐकू येतो तसाच माझ्या शब्दसंग्रहात जातो. बी. ए.ला असताना अशा न तपासलेल्या फायलींवर माझा सगळा अभ्यास होता. तुमची पहिली फाईल आली आणि मी बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकत ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लागले, कारण आता ते तपासण्यात अर्थ होता. परीक्षेत लेखनिकाला "दुसरी वेलांटी" असं मी ठामपणे सांगायचे, ते त्या जोरावर.

छपाईची पद्धतही आमच्या कानांना नडते. पानाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा असतो, ओसीआर ते वाक्याच्या मधोमध आणून टाकतं. "त्याने दार उघडले आणि प्रकरण सहावे एकशे बारा समोर आई उभी होती." तळटीप अशीच अध्येमध्ये घुसते. ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द तुटलेलाच राहतो. विसर्गाच्या जागी कुणी कोलन टंकलेला असला की दुःखाचे दोन तुकडे होतात. तुम्ही हे सगळं निस्तरलंत. पण पानांचे आकडे पुसून टाकले नाहीत, ते पानाच्या सुरुवातीला खुणेसारखे ठेवलेत. वर्गात सर "पान ८४ काढा" म्हणाले की मीही ८४ काढायचे, शेजारणीच्या आधी. प्रबंधिकेत संदर्भ देताना मला कुणाला "जरा बघून सांग ना, हे कितव्या पानावर आहे" असं विचारावं लागलं नाही.

मथळ्यांचंही तसंच. मथळा नुसता ठळक केला तर तो डोळ्यांपुरता मथळा. फायलीत त्याला मथळा म्हणून नोंदलं की मला 'एच' कळ दाबून प्रकरणाकडून प्रकरणाकडे उड्या मारता येतात. हे मी तुम्हाला समजावलं तेव्हा तुम्ही दोन दिवस गप्प होतात, आणि मग आधीच्या सगळ्या पुस्तकांचे मथळे न सांगता बदलून पाठवलेत. भाषेची नोंदही तुम्ही नियमाने करता. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे फायलीत भाषा लिहिलेली नसली किंवा चुकून हिंदी लिहिलेली असली की आवाज हिंदी लागतो, आणि आमचे ज्ञानेश्वर 'ग्यानेश्वर' होतात.

चित्रांवरून आपलं वाजलं होतं, आठवतं? भाषाविज्ञानाच्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या बोलींचा नकाशा होता. तुम्ही त्याचं वर्णन पानभर लिहिलंत, सीमारेषेची जाडी, रेघांचा तिरकेपणा, कोपऱ्यातली दिशा दाखवणारी खूण, सगळं. मी म्हटलं, काकू, मला रेघा नकोत, बोली कुठे बोलतात ते हवं. तुम्ही रागावलात. पण आठवड्याने नवीन वर्णन आलं: अहिराणी धुळे, जळगाव, नंदुरबारकडे, झाडीबोली भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, मालवणी खाली सिंधुदुर्गात. एवढंच. स्वर उच्चारताना जीभ कुठे असते ते दाखवणाऱ्या आकृतीचं तर तुम्ही दोन ओळींत काम केलंत: वर पुढच्या बाजूला इ, मागच्या बाजूला उ, त्यांच्या खाली ए आणि ओ, सगळ्यात खाली मध्ये आ. ते ऐकून मी जीभ हलवून पाहिली आणि आकृती कळली. वर्गातल्या कितीतरी जणींनी ती पाठ केली होती.

ग्रामीण कथांच्या संग्रहात मात्र तुमच्या नोकरीचा कस लागला. तिथे 'व्हतं', 'न्हाई', 'आन्' हे लेखकाचं होतं आणि 'व्हते'चं कुठे 'बहते' झालं होतं ते यंत्राचं. प्रत्येक शंकेला तुम्ही मूळ छापील पान उघडून पाहत होतात. जुन्या पुस्तकांतले अनुस्वारही तुम्ही हलवले नाहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ज्या अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, ते 'कांहीं' आणि 'नाहीं' मला नाकात ऐकू येतात, थोडं विचित्र वाटतं. माझ्याबरोबरचा एक वाचक म्हणाला, काकूंनी ते काढले तर ऐकायला सोपं होईल. तुमचं उत्तर होतं, "छापलंय तसं. मी प्रूफरीडर आहे, संपादक नाही." मला ते पटलं. उतारा उद्धृत करायचा तर तो लेखकाचा हवा, आपल्या सोयीचा नको.

आता कायद्याबद्दल, कारण हे पत्र वाचून कुणीतरी विचारणारच, आणि तुम्हीही पहिल्याच फोनवर विचारलं होतंत: "लेखकाच्या पोटावर पाय नाही ना येत?" १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(झेडबी)प्रमाणे अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुगम प्रत करायला परवानगी लागत नाही. प्रत फक्त अशा व्यक्तींनाच द्यायची, नफा घ्यायचा नाही, फार तर तयार करण्याचा खर्च घ्यायचा. पुढे २०१३ साली मराकेश करार झाला. त्यामुळे अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात देणं सोपं झालं. त्याला सगळ्यात आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारत. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे अशा प्रतींचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. कलमाचा मजकूर मी तुम्हाला पाठवला, तुम्ही तो प्रूफ वाचावं तसा वाचलात आणि मगच पहिलं पान हातात घेतलंत. तुमच्या फायली त्या दिवसापासून आमच्यातच फिरतात, बाहेर जात नाहीत. ज्यांच्या लेखकांना जाऊन साठ वर्षं उलटली, म्हणजे कॉपीराइट संपला, ती पुस्तकं तेवढी तुम्ही विकिस्रोत या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन ग्रंथालयासाठी तपासता, आणि तिथे दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पान हिरवं, म्हणजे पक्कं तपासलेलं, होत नाही याचं तुम्हाला फार कौतुक. "बघ, तिथे दुसरं प्रूफ आहे."

"ऑडिओबुकं आली आहेत की आता, मग एवढा खटाटोप कशाला?" असंही लोक विचारतात. मीही ऐकते, स्वयंपाक करताना, बसमध्ये. पण त्यात वाचणारा रडण्याच्या जागा आधीच ठरवून बसलेला असतो. शिवाय मला शब्द कसा लिहिलाय ते कळत नाही, परिच्छेद शोधता येत नाही, चाळता तर मुळीच येत नाही. माझ्या लॅपटॉपवरचा यंत्राचा आवाज ऐकून घरचे हसतात, इतका तो वेगात आणि कोरडा आहे. पण त्या कोरडेपणामुळे लेखकाचं वाक्य माझ्यापर्यंत जसंच्या तसं येतं आणि त्याच्याशी भांडायला मी मोकळी असते. शिवाय तुमची एकच नीट फाईल माझा लॅपटॉप बोलतो, ज्याला थोडं दिसतं तो माझा भाऊ अक्षर चांगलं बोटभर मोठं करून वाचतो, आणि ब्रेलवर वाढलेली माझी एक मैत्रीण तीच फाईल संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर उमटणाऱ्या ठिपक्यांतून बोटांनी वाचते.

एक गोष्ट मला खुपते. तुम्ही ज्या पुस्तकांवर महिनेच्या महिने घालवता, त्यातल्या नव्या पुस्तकांचा मजकूर प्रकाशकाच्या नाहीतर अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकात पडलेला असतो. तो मिळाला तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणून फक्त जोडाक्षरं तपासावी लागतील. आपण छापलेलं कागदावरून पुन्हा अक्षरात आणतो, हा उलटा प्रवास आहे. तुमच्या ओळखीच्या एका प्रकाशकांनी मागितल्याबरोबर फाईल दिली, आणि ते पुस्तक एरवीपेक्षा कितीतरी लवकर माझ्याकडे आलं. बाकीच्यांना मी पत्रं लिहिते आहे. मसुदा तुम्हाला पाठवेन, शुद्धलेखनासाठी.

आणि हो, प्राध्यापकीसाठीच्या 'नेट' परीक्षेच्या अभ्यासाला ते दोन खंडी समीक्षेचं पुस्तक लागणार आहे. पहिल्या खंडाचं स्कॅनिंग झालं. परिशिष्टात एक मोठा तक्ता आहे, शेजारी-शेजारी सात रकाने, ओसीआरने सगळे एकमेकांत मिसळले आहेत. माझ्या मते प्रत्येक लेखकाची स्वतंत्र नोंद करावी, रकान्याचं नाव पुढे लावून. तुम्हाला तक्ताच ठेवावासा वाटणार हे माहीत आहे. रविवारी दुपारी फोन करते, तेव्हा भांडू.

तुमची,
कोल्हापूरची वाचक