पाचवी चिमणी फुकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या पक्ष्यांवरचा लेख वाचला. हा विषय नाताळ नसताना मराठी वर्तमानपत्रात आला, याचाच आधी आनंद झाला. पण लेखासोबत छापलेले पांढरेशुभ्र कबुतर, त्याच्या चोचीतली डहाळी आणि खाली ‘शांतीचा दूत’ ही ओळ पाहून चार शब्द लिहावेसे वाटले.

महापुरात नोहाने नौकेतून सोडलेल्या कबुतराने शांती आणली नव्हती, खबर आणली होती. पाणी ओसरतेय, ऑलिव्हला पालवी आहे, एवढीच. त्याच्याआधी सोडलेला कावळा नुसता येरझारा घालत राहिला. कबुतर पहिल्यांदा पाय टेकायला जागा न मिळून परतले, सात दिवसांनी पान घेऊन आले आणि त्यानंतर सात दिवसांनी जे गेले ते आलेच नाही. खरी आनंदाची वार्ता त्या न येण्यात होती, पण न आलेल्या पाखराचे चित्र कोण काढणार! आज भिंतीभिंतींवर दिसणारे शांततेचे कबुतर १९४९ च्या पॅरिसमधल्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकामुळे, म्हणजे पिकासोमुळे, अधिक फोफावले.

बायबलमध्ये कबुतर भेटते ते बरेचदा बाजारात. बाळंतिणीने शुद्धीकरणासाठी कोकरू अर्पण करावे आणि ऐपत नसेल तर दोन होले (कबुतराच्याच जातीची पाखरे) किंवा पारव्याची दोन पिल्ले चालतील, असा बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम आहे. २ फेब्रुवारीला, मंदिरातील समर्पणाच्या सणाला, आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लूकच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) उतारा वाचतात. त्यात मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमला जातात आणि पाखरांची जोडी अर्पण करतात. लूक कोकराचे नावही घेत नाही. हे कुटुंब गरीब होते, हे त्याने एकाही विशेषणाशिवाय सांगितले. मी चाळीस वर्षे हा उतारा ऐकत होते, मेणबत्तीकडे लक्ष असायचे, होल्यांकडे कधीच नाही. पुढे तोच मुलगा मोठा होऊन मंदिरात चाबूक घेऊन शिरतो. योहान त्याच्या शुभवर्तमानात सांगतो की त्याने गुरेमेंढरे हाकलली, सराफांची नाणी उधळली, पण कबुतरे विकणाऱ्यांना मात्र ‘ही इथून काढा’ असे तोंडी बजावले. पिंजऱ्यातले पाखरू हाकलता येत नाही हे कारण असेल. मला मात्र तिथे त्याची आई आठवते.

चिमणीचा हिशेब तर याहून बोलका आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला, लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर टाकायची, भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते तशी! मुळातले नाणे अस्सारिओन, दिनार या रोमन नाण्याचा सोळावा हिस्सा, आणि दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. आजचा रोज आठशे धरला तर पन्नास रुपयांत दोन पाखरे, तीही गरिबाच्या ताटात जायला. आणि येशू म्हणतो की यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. बोलणे सगळ्या चिमण्यांबद्दल असेल, पण रोख त्या वर टाकलेल्या पाचवीवर आहे असे मला वाटते.

लेखात कोंबडीचा उल्लेखच नाही, याचे सर्वांत वाईट वाटले. रोमन सैन्याच्या निशाणावर गरुड होता. यरुशलेमला उद्देशून बोलताना येशूने स्वतःसाठी घेतलेली उपमा मात्र पिल्ले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. लूकच्या तेराव्या अध्यायात त्याच्या दोनच वचने आधी तो हेरोद या सत्ताधीशाला ‘कोल्हा’ म्हणतो. कोल्हा आणि कोंबडी, लागोपाठ! आमच्या वाडीत आईच्या कोंबड्या असायच्या. वर घार फिरायला लागली की पिल्लेवाली कोंबडी एक वेगळाच आवाज काढायची आणि क्षणात अंगण रिकामे व्हायचे. पंखांखालून नुसते पाय दिसायचे. एखादे पिल्लू मात्र दाणे टिपत लांबच राहायचे. ‘पण तुमची इच्छा नव्हती’ हे येशूचे पुढचे वाक्य कोंबडी पाळलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

गरुडाबद्दल थोडेसेच. मराठी बायबल ज्याला गरुड म्हणते तो मूळ हिब्रूतला ‘नेशेर’ बहुधा गिधाड असावा, कारण मीखा संदेष्टा त्याच्या टकलाचा दाखला देतो आणि गरुडाला टक्कल नसते. ‘मी तुम्हाला गिधाडाच्या पंखांवर वाहून आणले’ असे देव आपल्या लोकांना म्हणतो, हे मराठी कानाला कसे लागेल, हे भाषांतरकारांनी ओळखले असणार. त्यांना दोष देववत नाही.

एक दुरुस्ती मात्र छापावी. पेलिकन हा पाणपक्षी चोचीने छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो ही कथा लेखात बायबलमधली म्हणून दिली आहे. ती बायबलमध्ये नाही. १०२ व्या स्तोत्रात काही भाषांतरांत पेलिकन येतो तो ओसाड रानातला एकटा जीव म्हणून. रक्ताची कथा नंतरच्या ख्रिस्ती परंपरेतली असून मध्ययुगीन चर्चच्या नक्षीकामात ती पुष्कळ आढळते. लेखक त्या चित्रांवरून लिहीत असतील, तर तसे म्हणायला हवे होते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वसई